इलेक्ट्रिक गाडी घ्यावी की नाही: नागपुरातला आमचा निर्णय

आमची पेट्रोलची गाडी बारा वर्षांची झाली आणि २०२५ च्या उन्हाळ्यात तिचा क्लच, एसीचा कॉम्प्रेसर आणि चारही टायर एकदमच बदलायला आले. मेकॅनिकने काढून दिलेला खर्चाचा आकडा पाहिल्यावर गाडी बदलायची हे घरात लगेच ठरले. कोणती घ्यायची, याचा निकाल लागायला मात्र दिवाळी तोंडावर यावी लागली. मधल्या काळात आम्ही जे पाहिले, ज्यांना विचारले आणि जे हिशेब मांडले, ते सविस्तर लिहून ठेवत आहे, कारण नागपूरच्या उन्हात, इथल्या वीजदरांत आणि फ्लॅट स्कीममध्ये, म्हणजे अपार्टमेंटमध्ये, राहणाऱ्या माणसाला पडणारे प्रश्न कंपनीच्या माहितीपत्रकात सापडत नाहीत.

मी बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करते आणि आम्ही अंबाझरीच्या बाजूला राहतो. जाऊन-येऊन रोज पासष्ट किलोमीटरच्या आसपास गाडी चालते आणि शहरातली कामे धरली की महिन्याला साधारण दीड हजार किलोमीटर होतात. माझे माहेर वरूडचे, शंभर किलोमीटरच्या आतबाहेर, आणि बाबा आता एकटे असल्यामुळे तिकडची फेरी चुकवता येत नाही. मुलगा पुण्याला शिकतो. म्हणजे आमच्यापुरता हा प्रश्न तीन रस्त्यांचा होता: बुटीबोरीचा, वरूडचा आणि पुण्याचा. या तिन्हींची उत्तरे वेगवेगळी निघाली.

नागपूरकराला इलेक्ट्रिक गाडी नवीन नाही. मे २०१७ मध्ये देशातला इलेक्ट्रिक टॅक्सींचा पहिला मोठा प्रयोग आपल्याच शहरात सुरू झाला होता. महिंद्राच्या ई-टू-ओ प्लस या छोट्या गाड्या तेव्हा रस्त्यांवर दिसू लागल्या आणि त्याच वर्षी पेट्रोल पंपावरचे देशातले पहिले चार्जिंग स्टेशनही नागपुरातच उघडले. पुढे अनेक चालकांनी त्या गाड्या परत केल्या. चार्जिंगसाठी रांगेत तासन्‌तास जात होते आणि टॅक्सीवाल्याचे पोट गाडी उभी राहून भरत नाही. आमच्या घरात इलेक्ट्रिक गाडीचा विषय निघाला तेव्हा माझ्या पतींनी पहिला आक्षेप हाच घेतला, की जे या शहरात एकदा चालले नाही ते आता का चालावे. आक्षेप रास्त होता. त्याचे उत्तर शोधताना एक गोष्ट मला स्पष्ट झाली: त्या गाड्यांचा पल्ला एका चार्जिंगला शंभर ते सव्वाशे किलोमीटरचा होता, त्यांना दिवसभर धावायचे होते आणि रात्री घरी लावायला अनेक चालकांकडे स्वतःची जागा नव्हती. आमचे याच्या अगदी उलट होते. गाडी रात्री दहा तास एका ठरलेल्या जागी उभी असते आणि दिवसाची धाव आधीच माहीत असते. त्यामुळे गाडी निवडण्याच्या आधी ती रात्रीची जागा तपासायची, असे मी ठरवले आणि शोरूमला जाण्याआधी आमच्या स्कीमच्या मीटर रूममध्ये गेले.

तिथे जाण्यापूर्वी विजेचे बिल नीट वाचले. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. वहन आकार, म्हणजे वीज वाहून आणण्याचा खर्च, धरून त्या सुमारास पहिल्या शंभर युनिटांना सहा रुपयांच्या आसपास, तीनशेपर्यंत अकराच्या आसपास, त्यापुढे चौदा-पंधरा आणि पाचशेच्या पुढे सोळा-सतरा रुपये असा तो होता आणि त्यावर सोळा टक्के वीज शुल्क. दीड हजार किलोमीटरसाठी, चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून, महिन्याला सुमारे २६० युनिट लागतील असा माझा अंदाज होता. आमचा वापर हिवाळ्यात दीडशे युनिटांचा आणि मे महिन्यात चारशेचा. घरच्याच मीटरवर गाडी लावली तर ही २६० युनिटे सगळ्यात महाग टप्प्यांत जाऊन पडतात. हिवाळ्यात महिन्याला पावणेचार हजार आणि उन्हाळ्यात पाच हजारांच्या जवळपास जादा बिल येते. पेट्रोलला त्याच धावेसाठी दहा हजारांच्या वर लागत होते, कारण लिटरला १०४ रुपये आणि एसी लावून पंधराची सरासरी. म्हणजे घरच्या मीटरवरही बचत होतीच, पण लोक सांगतात तशी ‘किलोमीटरला एक रुपया’ ही गोष्ट आपल्याकडे खरी नाही. ज्यांच्या छतावर सोलर आहे त्यांची ती खरी असू शकते.

यावर उपाय म्हणजे इलेक्ट्रिक वाहनाच्या चार्जिंगसाठी वेगळी वीजजोडणी. तिचा दरवर्ग निराळा असतो, त्यात टप्पे नसतात, आणि आमच्या घरगुती वरच्या टप्प्यांच्या तुलनेत तो दर जवळजवळ निम्मा पडतो. हिशेब पुन्हा केला तेव्हा महिन्याचा खर्च अडीच ते पावणेतीन हजारांवर आला. घरी चार्ज न करता सार्वजनिक फास्ट चार्जरवरच भिस्त ठेवली, तर युनिटला वीस-बावीस रुपये मोजावे लागतात आणि तोच खर्च साडेपाच हजारांच्या आसपास जातो. चार्जिंग कुठे करायचे यावर महिन्याचा खर्च असा दुपटीने बदलतो. गाडी कोणतीही घेतली तरी हा फरक तेवढाच राहतो. स्वतःची पार्किंगची जागा आणि तिथपर्यंत केबल नेण्याची परवानगी नसेल, तर इलेक्ट्रिक गाडीचा विचार पुढे ढकलावा, हे माझे मत इथेच पक्के झाले आणि पुढे ते बदलले नाही.

परवानगीसाठी सोसायटीची सभा बोलवावी लागली. आमच्या इमारतीत खाली खांबांवरचे पार्किंग आहे, मीटर रूम लिफ्टच्या मागे आणि आमची जागा दुसऱ्या टोकाला. मध्ये सगळ्यांच्या दुचाकी. सभेत विरोध असा कुणी केला नाही, पण काळजी प्रत्येकाला होती. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी सरळ विचारले, “रात्री आम्ही सगळे झोपलेलो असताना खाली बॅटरी पेटली तर वरचा माणूस उतरणार कुठून?” त्यांचा फ्लॅट जिन्याला लागून आहे आणि काकांना चालता येत नाही, त्यामुळे त्यांचा प्रश्न मी सगळ्यात गंभीर मानला. २०२२ च्या उन्हाळ्यात इलेक्ट्रिक स्कूटरना आगी लागल्याच्या बातम्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या. त्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचे निकष कडक केले. दुचाकींसाठीचे एआयएस १५६ आणि चारचाकींसाठीचे एआयएस ०३८ हे ते निकष. बॅटरीच्या रसायनातही फरक असतो. लिथियम आयर्न फॉस्फेट, ज्याला सगळे एलएफपी म्हणतात, ते निकेल-मँगनीज-कोबाल्ट या दुसऱ्या प्रकाराच्या मानाने उष्णतेला जास्त दाद देत नाही आणि सहजासहजी पेट घेत नाही. हे सर्व मी सभेत सांगितले, पण काकूंचे समाधान झाले ते दुसऱ्याच गोष्टीने. मी परवानाधारक विद्युत कंत्राटदाराला सभेला बोलावले होते. त्यांनी केबल कशी जाईल हे चालत दाखवले: मीटर रूममधून निघून छताला लागून पाइपातून, जिन्याच्या बाजूने न जाता भिंतीच्या बाहेरच्या अंगाने, सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, शेवटी जादा भार आला की वीज तोडणारा स्वतंत्र एमसीबी आणि गळती झाली तर तत्क्षणी वीज तोडणारा आरसीसीबी. “एक्स्टेन्शन बोर्ड लावून गाडी चार्ज करायची नाही, एवढं मला लिहून द्या, बाकी तुम्ही करा,” असे काकू म्हणाल्या. ती अट आम्ही ठरावातच घातली, आणि माझ्या मते प्रत्येक सोसायटीने ती घालावी. आग लागण्याचा खरा धोका बॅटरीइतकाच, किंबहुना जास्तच, तापलेल्या स्वस्त वायरीत आणि सैल सॉकेटमध्ये असतो, कारण घरातल्या दुसऱ्या कोणत्याही उपकरणाने आठ-दहा तास सलग एवढा भार ओढलेला नसतो.

सभेतला दुसरा मुद्दा पाण्याचा होता. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरले, ती सकाळ आमच्या भागातला कुणीच विसरलेला नाही. कॉर्पोरेशन कॉलनी आणि डागा लेआउटमध्ये चारचाक्या बुडाल्या होत्या. आमच्या पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी होते. इलेक्ट्रिक गाड्यांची बॅटरी बहुधा आयपी ६७ दर्जाची असते, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिली तरी आत पाणी शिरू नये अशी तिची बांधणी असते. पण अंबाझरीचे पाणी अर्ध्या तासात उतरले नव्हते. त्यामुळे बॅटरीच्या दर्जावर विसंबून न राहता आम्ही दोन गोष्टी केल्या. चार्जिंग पॉइंट आणि त्याचे स्विच जमिनीपासून पाच फूट उंचीवर घ्यायचे ठरवले, आणि विमा घेताना पाण्यामुळे बॅटरीचे नुकसान झाल्यास भरपाई मिळते का, हे पॉलिसीच्या मजकुरात शोधले. ते संरक्षण मूळ पॉलिसीत नव्हते, जादा हप्ता भरून घ्यावे लागते. शोरूममध्ये विमा गाडीबरोबर बांधूनच देतात आणि तो मजकूर कुणी वाचत नाही. पावसाळ्यात पाणी साचणाऱ्या भागात राहणाऱ्यांनी तो वाचल्याशिवाय सही करू नये.

आता उन्हाचे. शोरूममधली टेस्ट ड्राइव्ह दहा-बारा मिनिटांची असते आणि ती गाडी कशी पळते एवढेच सांगते. मला नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, गाडी कशी वागते ते पाहायचे होते. माझ्या एका सहकाऱ्यांकडे दोन वर्षांपूर्वीची इलेक्ट्रिक गाडी आहे. त्यांनी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ती आम्हाला रविवारभर दिली, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. सकाळी निघालो तेव्हा चार्ज ९५ टक्के होता. काटोलपर्यंत रस्ता चांगला, ऊन चढायचे होते, गाडी शांत आणि एसी सुरू. वरूडला पोहोचलो तेव्हा ५७ टक्के उरले होते. कागदावर त्या गाडीचा पल्ला सव्वातीनशेच्या वर आहे. आमच्या हिशेबाने तो अडीचशेच्या आसपास निघाला. प्रमाणित चाचणीतला आकडा आणि भर उन्हात एसी लावून महामार्गावर मिळणारा पल्ला यांत पाव हिस्सा फरक धरावा, म्हणजे नंतर फसगत होत नाही.

परतीपुरते चार्जिंग शिल्लक होते, तरी घरी लावून पाहायचे होते, कारण खरी परीक्षा तीच होती. बाबांच्या वाड्यात मोटरसाठीचा पंधरा अँपिअरचा पॉइंट आहे. त्यात गाडीसोबतचा चार्जर लावला तर त्याच्या पेटीवरचा दिवा हिरवा व्हायच्या ऐवजी लाल झाला आणि गाडीने वीज घ्यायला नकार दिला. बाबा संत्र्याचे बागायतदार, आयुष्य कृषिपंपाच्या वेळापत्रकावर गेलेले. ते म्हणाले, “आधीच सांगतलं होतं. अन्‌ लाइन गेली त मंग काय करशीन?” गल्लीतल्या वायरमनभाऊंना बोलावले. त्यांनी मल्टिमीटरच्या दोन सुया न्यूट्रल आणि अर्थच्या भोकांत धरल्या. तिथे दोन-तीन व्होल्टच्या वर काही दिसायला नको, पण काटा तिसाच्या पुढे गेला. “अर्थिंग मेलं आहे ताई,” एवढेच ते म्हणाले आणि आम्हाला परसात घेऊन गेले. तिथे सिमेंटच्या चौकटीत अर्थिंगचा खड्डा होता, मीठ आणि कोळसा घालून कधीकाळी केलेला. आमच्याकडची जमीन काळी. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते, पण मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. खड्डा वाळून खडखडीत झाला होता आणि पट्टीचा मातीशी संबंधच उरला नव्हता. भाऊंनी विहिरीच्या पाण्याच्या बादल्या एकामागून एक त्यात ओतल्या, पट्टीचा गंजलेला नट घासून घट्ट केला आणि थोडा वेळ थांबायला सांगितले. पुन्हा सुया लावल्या तेव्हा आकडा पाचाच्या खाली आला होता. चार्जर लावला, हिरवा दिवा लागला. चार तासांत वीस टक्क्यांच्या वर भर पडली आणि मध्ये अर्धा तास लाइन गेली ती आल्यावर चार्जिंग आपोआप पुढे सुरू झाले, हे बाबांनी स्वतः उभे राहून पाहिले.

या प्रसंगातून मला जे कळले ते फार कामाचे होते. गाडी लाल दिवा दाखवून अडून बसली ती बिघाडामुळे नव्हे. घरातले अर्थिंग धड नाही हे तिने सांगितले, आणि त्याच पॉइंटवर बाबा वर्षानुवर्षे पाण्याची मोटर चालवत होते. वरूडच्या घरचे अर्थिंग नव्याने करून घ्यायचे, हे गाडी घेण्याच्या खर्चातच धरायचे असे आम्ही ठरवले. विदर्भात गावाकडे जाणे-येणे असलेल्या कुणीही गाडी घेण्याआधी, आणि तेही पावसाळ्यात नव्हे तर भर उन्हाळ्यात, गावच्या घरचे अर्थिंग मोजून घ्यावे.

उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते हे खरे आहे. लिथियम बॅटरीचे आयुष्य जास्त तापमानात, विशेषतः पूर्ण भरलेल्या अवस्थेत उन्हात उभी राहिल्याने, कमी होते. पारा ४५ च्या वर जाणाऱ्या शहरात हा प्रश्न गौण मानता येत नाही. म्हणून मी गाड्या पाहताना दोनच गोष्टींचा आग्रह धरला: बॅटरीला द्रवाने थंड ठेवण्याची व्यवस्था असावी आणि रसायन शक्यतो एलएफपी असावे. आपल्याकडे बॅटरीची वॉरंटी अनेक कंपन्या आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर अशी देतात. आमच्या धावेला आठ वर्षांत दीड लाखाच्या आतच किलोमीटर होतात, त्यामुळे ती आम्हाला पुरी पडते. किती टक्के क्षमता कमी झाली तर वॉरंटी लागू होते, हे मात्र पुस्तिकेतच वाचावे लागते. बुटीबोरीला आमच्या कारखान्यात पार्किंग उघड्यावर आहे. शेडखालची जागा मिळावी म्हणून मी लेखी अर्ज केला आणि ती मिळाली. घरच्या चार्जिंग पॉइंटपेक्षा त्या शेडचा उपयोग बॅटरीला अधिक होईल असे मला वाटते.

पुण्याच्या रस्त्यावर मी फार वेळ घालवला नाही. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला आणि राज्याच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात त्यावर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी जाहीर झाली, ही आकर्षणे आहेतच. पण ताशी शंभरच्या पुढे वाऱ्याचा विरोध झपाट्याने वाढतो, आणि ज्या गाडीने काटोल रस्त्यावर अडीचशेचा पल्ला दिला ती समृद्धीवर दोनशेच्या आसपास देईल. पुण्यापर्यंत तीन-चार वेळा थांबावे लागेल आणि मधला एखादा चार्जर बंद निघाला तर वेळेचा भरवसा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अजनी-पुणे वंदे भारत सुरू झाली आणि आमच्यापुरता तो प्रश्नच मिटला. वर्षातून दोन-तीनदा होणाऱ्या प्रवासासाठी रोजच्या गाडीची निवड करू नये. ज्यांना दर पंधरा दिवसांनी नागपूरहून मुंबई किंवा पुणे गाडीनेच गाठावे लागते त्यांनी मात्र आजच्या घडीला पेट्रोल किंवा हायब्रिडच घ्यावी, असे मी मोकळेपणाने म्हणेन.

एक प्रश्न मला शेवटपर्यंत टोचत होता. पर्यावरणासाठी ही गाडी घ्यायची तर आपली वीज येते कुठून? आमच्या गच्चीवरून स्वच्छ दिवशी कोराडीच्या कोळशावरच्या वीज केंद्राची धुराडी दिसतात. कोराडी आणि खापरखेड्याच्या आसपासची गावे राखेचा त्रास वर्षानुवर्षे सोसत आहेत. आपल्या गल्लीतला धूर कमी करून तो त्यांच्या अंगणात पाठवायचा असेल तर त्यात समाधान मानण्यासारखे काही नाही. म्हणून हिशेब केला. देशातल्या विजेच्या एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या थोडा वर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. २६० युनिटांचा तो १९० किलोच्या जवळ जातो. त्याच धावेला लागणारे शंभर लिटर पेट्रोल जाळले तर गाडीच्या नळीतूनच २३० किलो निघतो, त्याशिवाय तेल शुद्ध करण्याचा आणि वाहून आणण्याचा वेगळा. फरक आहे, पण कोळशाच्या विजेवर तो फार मोठा नाही, आणि बॅटरी तयार करताना झालेले उत्सर्जन त्यातून वजा केले तर पहिली काही वर्षे तो आणखी कमी राहतो. हे लपवून इलेक्ट्रिक गाडीची भलामण करणे मला प्रामाणिक वाटत नाही.

पण या हिशेबातली वीज बदलता येते, पेट्रोल बदलता येत नाही. पंतप्रधान सूर्यघर योजनेत एकट्या घराला तीन किलोवॉटसाठी ७८ हजार रुपये अनुदान मिळते हे बहुतेकांना माहीत आहे. गृहनिर्माण सोसायट्यांना सामाईक वापरासाठी, आणि त्यात चार्जिंगही येते, किलोवॉटमागे १८ हजार मिळतात हे आमच्या सभेत कुणालाच माहीत नव्हते. एक किलोवॉटला दिवसाला सरासरी चार युनिटे धरली तर लिफ्ट, पंप आणि दोन-तीन गाड्या भागतील एवढी जागा आमच्या गच्चीवर आहे. हा ठराव दुसऱ्या सभेत मंजूर झाला. मला स्वतःला गाडीपेक्षा या ठरावाचा आनंद जास्त आहे, कारण आता सोसायटीची लिफ्ट आणि पंपही सूर्यावर चालतील.

किमतीचा मुद्दा मधल्या काळातच हलला. मे महिन्यात आमच्या मापाच्या पेट्रोल आणि इलेक्ट्रिक गाडीत सगळे धरून साडेतीन लाखांचे अंतर होते. इलेक्ट्रिकवर ५ टक्के जीएसटी आणि राज्यात मोटार वाहन कर माफ, तर दहा लाखांखालच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के मोटार वाहन कर, हे सगळे त्यात आले. २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर उतरला आणि अंतर एकदम ऐंशी-नव्वद हजारांनी वाढले. महिन्याला साडेसात हजार वाचतात असे धरले तर जे पैसे चार वर्षांत वसूल झाले असते त्यांना आता पाच वर्षे लागणार होती. माझे पती तिथे थबकले, आणि खरे सांगायचे तर महिन्याला पाच-सहाशे किलोमीटर चालवणाऱ्या कुटुंबाने तिथेच थांबावे. त्यांचे पैसे वसूल होणार नाहीत.

बॅटरी भाड्याने घेण्याचा पर्यायही तपासला. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजी विंडसर या गाडीबरोबर ही योजना आली तेव्हा किलोमीटरमागे साडेतीन रुपये भाडे होते. दीड हजार किलोमीटरला सव्वापाच हजार भाडे आणि वर वीज. पेट्रोलच्या मानाने वाचणारी रक्कम मग दोन-अडीच हजारांवर येते. सुरुवातीची किंमत कमी दिसते, पण ज्याची धाव जास्त त्याला हे परवडत नाही.

अंतर कमी करण्याचा खरा मार्ग लहान बॅटरीचा निघाला. शोरूममध्ये प्रत्येक जण मोठ्या बॅटरीची शिफारस करत होता. आम्हाला रोज पासष्ट किलोमीटर आणि महिन्यातून एकदा वरूड, तेही तिकडे चार्जिंगची सोय करून. पुण्याला गाडी न्यायचीच नाही म्हटल्यावर साडेचारशे किलोमीटरच्या पल्ल्यासाठी दीड-दोन लाख जादा देण्याचे कारण उरले नाही. लहान बॅटरीची एलएफपी गाडी, प्रत्यक्षात सव्वादोनशे ते अडीचशेचा पल्ला, एवढे ठरले आणि पेट्रोलशी असलेले अंतर पुन्हा अडीच लाखांच्या आसपास आले. गाडीचे नाव लिहीत नाही, कारण या वर्णनात बसणाऱ्या गाड्या आज बाजारात अनेक आहेत.

बुकिंग मात्र वेगळ्या जोडणीचा अर्ज मंजूर होईपर्यंत केले नाही. अर्जासोबत सोसायटीचे ना हरकत प्रमाणपत्र, पार्किंगची जागा आमची असल्याचा कागद आणि कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडला. एका कागदावरून अर्ज एकदा परत आला, मग स्थळपाहणी झाली, डिमांड नोट, म्हणजे भरायच्या रकमेची नोटीस, आली, पैसे भरले. दसऱ्यानंतर मीटर बसले आणि त्याच आठवड्यात आम्ही गाडीचे पैसे भरले. पहिल्या पूर्ण महिन्याचे चार्जिंगचे बिल दोन हजार सहाशेच्या घरात आले. वरूडच्या वाड्यातले अर्थिंग बाबांनी पावसाळा संपताच तांब्याची पट्टी घालून नवे करून घेतले आहे. येत्या मे महिन्यात ते पुन्हा मोजायचे आहे. आमच्या इमारतीतल्या आणखी दोन कुटुंबांनी केबलसाठी सोसायटीकडे अर्ज दिले आहेत, आणि सोलरसाठी गच्चीचे मोजमाप झाले आहे.